दार बघून येते

१

तिला रात्रभर जागं ठेवणारी काळजी ऐकायला अगदीच फुटकळ होती: बेटावर दूध मिळेल का?

ज्वालामुखीची नाही, बोटीची नाही, दुधाची. खारूला सकाळी उठल्याउठल्या पेलाभर दूध लागायचं, नाहीतर चार मजले गोळा होतील असं भोकाड. आणि हे बेट म्हणजे समुद्राच्या मधोमध उभा एक काळा डोंगर, त्याच्या डोक्यावर दिवसरात्र धुराची शेंडी, आठवड्यातून दोनदा येणारी बोट. तिथे गाय असेल का? असली तर खात काय असेल? शेजारी नवरा घोरत होता. जगातल्या कुठल्याच गाईची त्याला काळजी नव्हती. आपल्याला वेड लागत चाललंय का, हा प्रश्न तिला प्रत्येक काळजीच्या शेपटाला पडायचा, आणि त्याचं उत्तर सापडायच्या आत पुढची काळजी चप्पल काढून आत यायची.

खारू म्हणजे त्यांची पावणेचार वर्षांची लेक. पुढचे दोन दात फुटले त्या दिवशी नवऱ्यानं तिला खारूताई म्हटलं, आणि पाळण्यातलं नाव कागदोपत्री उरलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत लोंबकळत. ती घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. स्वयंपाकघरातलं टेबल, उजवीकडे गठ्ठा, डावीकडे गठ्ठा, मधे ती आणि लाल पेन. चुका काढायची सवय हाडात इतकी मुरली होती की दुकानाच्या पाट्या वाचतानाही तिची बोटं वळवळायची. नवरा म्हणायचा, ‘‘मास्तरीणबाई, मला एकदा तपासून टाका आणि छापायला पाठवा.’’

तिची आणखी एक सवय होती. घराबाहेर पडलं की जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिचे पाय थांबायचे. ‘‘दार बघून येते,’’ म्हणायची, आणि वर. कुलूप लागलेलंच असायचं. ते ओढून बघितल्याशिवाय मात्र तिला पुढची पायरी दिसायची नाही. तोवर नवरा खारूला कडेवर घेऊन खाली उभा राहायचा आणि त्यानं त्याचा एक खेळ करून टाकला होता. ‘‘मागे बघू नकोस हं. मागे बघितलं की आई उशीर करते. मागे बघू नकोस, आई येतेय.’’ खारू डोळे गच्च मिटायची, आणि आई आली की टाळ्या पिटायची.

सहली याआधी दोन वेळा ठरल्या होत्या आणि दोन्ही वेळा तिनंच मोडल्या होत्या. एकदा खारूला तीन शिंका आल्या म्हणून, एकदा हवामानाची बातमी देणाऱ्या बाईंचा चेहरा तिला पडलेला वाटला म्हणून. या खेपेला नवऱ्यानं टेबलावर तिचा हात धरून कबूल करून घेतलं होतं: काहीही होवो, मोडायचं नाही. तिनं शब्द दिला होता. आणि शब्दाची किंमत, लाल पेनवाल्या बाईला नाही कळणार तर कुणाला?

तर सकाळी, डोळे चुरचुरत असताना, पेला खारूपुढे ठेवून तिनं विचारलं, ‘‘खारू, बेटावर दूध नाही मिळालं तर काय करायचं गं?’’

‘‘मिळालं की,’’ खारू म्हणाली. दुधाची मिशी ओठावर तशीच. ‘‘त्याच्यावर काळं काळं पडलं. मी बोटानं काढलं.’’

‘‘मिळालं नाही. मिळेल. मिळेल म्हणायचं.’’

‘‘मिळेल.’’ खारूनं पेला पुन्हा तोंडाला लावला. मग आठवल्यासारखं म्हणाली, ‘‘पण घाण लागलं.’’

‘‘लागेल.’’

‘‘बघ,’’ नवरा मोजे शोधता शोधता म्हणाला, ‘‘आपण अजून घर सोडलं नाही आणि हिचं हॉटेलबद्दल गाऱ्हाणं सुरू.’’

दोघंही हसली. तीही हसली.

२

सहली काढणाऱ्या बाईंचं ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खाली शिलाईमशीन चालू झालं की वरच्या टेबलावरचे चहाचे पेले एकमेकांना हळूच लागायचे. तिनं आपली वही उघडली. मोठ्या वहीत तिनं रकाने आखले होते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवण कुठे. पहिला दिवस निळा, दुसरा हिरवा, तिसरा तांबडा. सकाळी ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेची पायवाट, दुपारी गरम पाण्याचे झरे, काचेच्या तळाची नाव, काळ्या वाळूवरचा नाश्ता. आणि तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यात महत्त्वाचं, कड्याच्या टोकावरचं ते जेवणघर, जिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर मासे शिजवतात आणि टेबलं महिनाभर आधी धरावी लागतात.

‘‘ताई, मी वीस वर्षं हा धंदा करतेय,’’ बाई म्हणाल्या, ‘‘असं वेळापत्रक मी लष्कराचंसुद्धा बघितलं नाही.’’

‘‘तुम्ही हिला लष्करात घ्या,’’ नवरा म्हणाला. ‘‘शत्रू रकाने बघूनच पळेल.’’

बाईंनी खोल्यांचे फोटो पसरले. पांढरी भिंत, निळी खिडकी, दोन पलंग आणि एक छोटा. खारू बापाच्या मांडीवरून पुढे झुकली, फोटोवर तळहात ठेवला आणि म्हणाली, ‘‘ही नाही. आपली दुसरी. दार न लागणारी.’’

‘‘दार न लागणारी खोली कशाला देऊ गं तुला?’’ बाई हसल्या. ‘‘माझं नाव खराब होईल.’’

‘‘आई सारखी बघत होती,’’ खारूनं त्यांना समजावलं. ‘‘दार.’’

‘‘बघा!’’ नवरा मांडीवर थाप मारून म्हणाला. ‘‘घरचं गुपित गावभर.’’

निघताना बाईंनी पाठीमागून हाक मारली. ‘‘अहो, एक राहिलंच. वारा फिरला की जराशी राख उडते तिथे. काही नसतं त्यात. फक्त बाहेर खायला बसलात तर पेल्यावर बशी झाकायची. नाहीतर दुधाचहावर काळे ठिपके पडतात.’’

ती जिना उतरत होती. खाली मशीन धडधडत होतं आणि कठडा हाताला गुदगुल्या करत होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. मग तिनं स्वतःला समजावलं: कुठेतरी वाचलं असेल आपण, मोठ्यानं. आपण सगळं मोठ्यानं वाचतो. मुलांचे कान लांब असतात.

दुसऱ्या वळणावर नवरा थांबला. ‘‘इथलंही दार बघून यायचंय का?’’

३

बालवाडीच्या बाई शांत होत्या. पंधरा मुलांच्या कलकलाटात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला येते तसली शांती. तिनं जरा आडवळणानं विषय काढला. खारू हल्ली सहलीबद्दल बोलते ते झाल्यासारखंच बोलते, असं बालवाडीतही करते का?

‘‘करते की. गेल्या आठवड्यात सगळ्यांना सांगत होती, आम्ही बेटावर जाऊन आलो. मी म्हटलं, अगं कधी? तर म्हणे, परवा.’’

‘‘परवा?’’

‘‘काळजी करू नका हो. या वयात काळ कळत नाही. काल नि उद्या एकाच खिशात. आणि परवाचं तर मला सांगा, आपल्याला तरी काय कळतं? मागचाही परवा, पुढचाही परवा. एकच शब्द. त्याला क्रियापद जोडलं तर कळतं आपण कुठे चाललोय. ही पोरं क्रियापदात चुकतात, म्हणून आपल्याला वाटतं...’’ बाई थांबल्या. ‘‘तुम्हाला काय सांगायचं. तुमचं कामच ते.’’

हे इतकं पटणारं होतं की तिला तिथल्या तिथे झोप यायला लागली. पटणाऱ्या गोष्टींवर तिचा लोभ होता. ती निघणार, तेवढ्यात बाईंनी भिंतीवरून एक कागद सोडवून तिच्या हातात दिला. ‘‘हे बघा, बेटाचं चित्र. बाकीची मुलं सूर्य काढतात, हिनं सगळा खडू करड्याच रंगाचा संपवला.’’

करड्या रंगाचा उतार, त्यावर पायऱ्या. पायऱ्यांवर दोन माणसं, एक मोठं, एक लहान. दोघांच्या तोंडावर पांढरा चौकोन. वरच्या बाजूला काही नव्हतं, आणि खालच्या बाजूला खडू इतका दाबून घासलेला की कागद फाटला होता.

घरी नवऱ्यानं चित्र हातभर लांब धरून बघितलं. ‘‘झकास. हा मी, पोटावरून ओळखू येतोय.’’

‘‘मी कुठेय?’’

‘‘तू फोटो काढतेयस. आपल्या कुठल्या फोटोत असतेस तू?’’

हेही खरं होतं. तिनं जुने अल्बम काढून बघितले, आणि खरंच होतं. वाढदिवस, बाग, पहिलं पाऊल: प्रत्येक फोटोत ते दोघं. ती कशातच नव्हती.

४

निघायला दहा दिवस उरले असताना बेटावरून निरोप आला. सहलवाल्या बाईंनी तो तसाच पुढे पाठवला होता: ठरलेली खोली दुरुस्तीसाठी बंद केल्यामुळे सात नंबरची देत आहोत, तीही समुद्राकडचीच, नाश्ता त्यातच. एक लहानशी अडचण, समुद्राच्या हवेनं दार फुगलं आहे, कडी बसत नाही. सुतार आला की करून घेऊ.

तिनं ते तीन वेळा वाचलं. चुका शोधत वाचलं. एकही चूक नव्हती.

मग दुसरा निरोप, कड्यावरच्या जेवणघराकडून. तिसऱ्या संध्याकाळचं टेबल पक्कं. एक मोठी व्यक्ती, एक लहान.

‘‘टायपिंगची चूक,’’ ती मोठ्यानं म्हणाली. घरात कुणी नव्हतं. ‘‘दोन मोठ्या, एक लहान.’’ असल्या चुकांवर तर तिचं पोट होतं. बाईंना फोन लावला, आवाजात हसू आणून म्हणाली, तिथल्या लोकांना मोजता येत नाही वाटतं.

‘‘थांबा हं,’’ बाई म्हणाल्या. कागद चाळल्याचा आवाज. खाली मशीन. ‘‘ताई, तुम्ही दिलेल्या यादीवरून पाठवलंय मी. तुमच्या वहीच्या पानाचा फोटो. त्यात तसंच आहे.’’

वही फ्रीजच्या वर होती. तिनं ती उतरवली, तांबडं पान उघडलं. तिसरा दिवस, संध्याकाळ, जेवण कुठे. तिचंच अक्षर, तिचीच तिरकी वेलांटी: कड्यावर, खिडकीजवळचं टेबल, दोघं.

पहिल्या दिवशी तिघं. दुसऱ्या दिवशी तिघं. तिसऱ्या सकाळी तिघं. आणि मग दोघं.

ती टेबलाशी बसली. थकव्यात होतं माणसाकडून. रात्री झोप नाही, दिवसा इतिहासाची सातवीची मुद्रितं, हात आपोआप चालतो. तिनं लाल पेन घेतलं, ‘दोघं’ खोडलं, समासात नीट ‘तिघं’ लिहिलं, आणि सवयीनं बाजूला दुरुस्तीची खूण केली. मग तिला जाणवलं की आयुष्यात पहिल्यांदाच तिनं स्वतःची चूक पकडली होती. आणि इतरांच्या हजार चुका पकडणाऱ्या तिला, लिहिताना, वाचताना, त्या पानाचा फोटो काढताना ही दिसली नव्हती.

५

त्या रविवारी इमारतीची लिफ्ट बंद होती. केबल बदलायची होती; नवऱ्यानंच सकाळी कळ पाडून टाकली, दारावर पाटी लावली, आणि हत्यारं घेऊन तळमजल्यावर गेला. दुपारची वेळ. ती स्वयंपाकघरात मुद्रितं तपासत होती. नळाचा थेंब, घड्याळ, खालच्या मजल्यावर कुणाचीतरी शिट्टी.

मग खारूचा आवाज आला. आतल्या खोलीतून, दबका. आवाज तिचा होता, पण चाल बापाची, तो जिन्यात बोलतो तशी.

‘‘मागे बघू नकोस. आई येतेय.’’

मग पुन्हा:

‘‘मागे बघू नकोस. दार बघून येतेय.’’

जिन्याचा खेळ, तिनं स्वतःला सांगितलं. आपलाच खेळ आहे. पेन खाली ठेवलं. उठली. खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं.

पलंगावरून उशांच्या पायऱ्या केल्या होत्या. त्यावर दोन बाहुल्या, एक मोठी, एक छोटी. दोघींच्या तोंडावर ओले रुमाल बांधलेले. उशांवर पाणी टिपकलं होतं. उशांच्या पायथ्याशी करडी चादर गोळा करून ठेवली होती. आणि खारू जमिनीवर पालथी, एक कान फरशीला लावून.

‘‘काय करतेस गं?’’

‘‘शू.’’ खारूनं बोट ओठावर ठेवलं. ‘‘इथेपण येतो.’’

‘‘काय येतो?’’

‘‘आवाज.’’

वेडेपणा होता, पण ती गुडघ्यावर बसली, मग कोपरावर, आणि कान फरशीला लावला. फरशी गार होती. आधी फक्त तिच्याच रक्ताची धडधड ऐकू आली. मग त्याच्या खाली, खूप खाली, एकसुरी, जाड असं काहीतरी. घुमणं नव्हे, कुणीतरी तोंड न उघडता खूप वेळ एकच स्वर धरून ठेवावा तसं. तिच्या दातांना ते कळलं, कानाला नंतर.

लिफ्टची मोटर, ती मनात म्हणाली, आणि तिला हायसं वाटलं.

मग आठवलं. लिफ्ट सकाळपासून बंद होती.

ती उठून बसली. आवाज सांभाळत विचारलं, ‘‘आणि या चादरीखाली कोण आहे?’’

खारूनं चादर वर केली नाही. तिच्यावर हात ठेवला, जसा झोपलेल्या माणसावर ठेवतात.

‘‘तू दार बघायला गेलीस,’’ ती म्हणाली. ‘‘बाबा म्हणाला थांब, आणि तू म्हणालीस, आलेच.’’

‘‘जाशील,’’ तिच्या तोंडून निघून गेलं. ‘‘जाशील म्हणायचं.’’

आपण काय दुरुस्त केलं ते मग तिच्या कानावर पडलं.

नवरा वर आला तेव्हा त्याचे हात ग्रीसनं काळे होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ओल्या उशा बघितल्या, कान फरशीला लावला. ‘‘काही नाही,’’ म्हणाला. ‘‘पाण्याचा पंप असेल. मघाशी चालू होता.’’ मग तिच्याकडे बघून हळूच, ‘‘अगं, जिन्याचा खेळ आहे. मीच शिकवलाय तिला. तुझी चेष्टा करतो ना मी, ती मनाला लावून घेते पोर. यापुढे नाही करणार.’’

त्याच्या प्रत्येक वाक्यात अर्थ होता. अशा माणसाशी भांडता येत नाही.

६

पुढच्या आठवड्यात तिनं मनाशी एक साधं गणित मांडलं. सहल मोडायची गरज नाही. शब्द दिलाय. फक्त तिथे, कुठल्याही कारणानं, परत फिरायचं नाही. दार लागो न लागो. एवढंच. सवय आहे, सवय मोडता येते. लोक सिगारेट सोडतात.

बुधवारी खारू बालवाडीत असताना ती सराव करायला निघाली. दाराला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली. लिफ्टचं काम अजून उरकलं नव्हतं, जिनाच होता. पहिलं वळण. दुसरं वळण. पाय थांबले.

‘‘नाही,’’ ती जिन्याला म्हणाली.

कठडा धरून ती एक पायरी उतरली. मग दुसरी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन वर येत होत्या. ‘‘काय गं, पाय दुखावला की काय? म्हातारीसारखी उतरतेस.’’

‘‘नाही हो आजी, सराव करतेय.’’

‘‘म्हातारं व्हायचा?’’ आजी हसत वर गेल्या.

दुसरा मजला. पहिला. फाटक. रस्ता. तिला घाम फुटला होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचली तेव्हा ती जिंकली होती. पुरावा म्हणून तिनं तिथे खोकल्याच्या गोळ्याही विकत घेतल्या. दुकानदार सुटे देत होता. त्याची बोटं नाणी वेचत होती, आणि तिला दिसत होती फक्त कडी. लोखंडी कडी, फटीतून येणारा वारा, हळूहळू उघडत जाणारं दार. दुकानदार काहीतरी म्हणाला. ती पळत होती. रस्ता, फाटक, चार मजले, छातीत जाळ, हातात कुलूप.

लागलेलं होतं. नेहमीसारखंच.

ती कुलूप धरून पायरीवर बसली. ती परत आलेली होती. नेहमीसारखीच. कुणी हात धरला असता तर तो झटकून आली असती. ‘‘आलेच,’’ म्हणाली असती.

तिनं घरात शिरून सहलवाल्या बाईंना फोन केला.

नवरा संध्याकाळी आला तो हसत, हातात खारूसाठी उन्हाची टोपी. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. बॅगा जमिनीवर उघड्या होत्या. अर्ध्या भरलेल्या की अर्ध्या रिकाम्या केलेल्या, ते त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

‘‘परवा निघायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘परवा. आणि तू आज?’’

‘‘हो.’’

‘‘शब्द दिला होतास.’’

‘‘हो.’’

‘‘एक कारण सांग. एकच. शिंका नको सांगूस.’’

ती म्हणाली, ‘‘तिथे काही होईल म्हणून मी घाबरत नाहीये. काही झालं, आणि तू म्हणालास चल, तर मी परत फिरेन. दार बघायला. मी आज बघितलं, मला नाही जमत. तुम्ही दोघं पायऱ्यांवर उभे राहाल आणि मी येणार नाही.’’

तो काहीतरी चेष्टेचं बोलणार होता; ते त्याच्या ओठापर्यंत आलेलं तिला दिसलं. मग त्यानं तिचे हात बघितले. तळव्यावर कुलपाचा तांबडा वळ अजून होता. त्यानं टोपी टेबलावर ठेवली, तिच्यासमोर बसला, आणि बराच वेळ तो वळ अंगठ्यानं चोळत राहिला.

‘‘बरं,’’ म्हणाला. ‘‘नाही जायचं. बेट काय, कुठे पळून जात नाही.’’ थोड्या वेळानं, ‘‘त्या पोरीला मात्र तू सांग. मला नाही सांगवणार.’’

७

खारू आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, तिच्या छोट्या बॅगेपाशी. पलीकडच्या खिडकीत आभाळ स्वच्छ होतं. स्वयंपाकघरात नवऱ्यानं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज, पेल्यांचा आवाज. रोजचंच घर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. इतकं, की तिला जरा चक्कर आल्यासारखं वाटत होतं.

आधी सामान काढू, मग सांगू, असं ठरवून तिनं बॅगेतून खारूचे नवे बूट काढले. पिवळे, सहलीसाठी घेतलेले. दुकानातून आणल्यापासून खोक्यात होते. पट्ट्याला लटकलेली किमतीची चिठ्ठीही तिनं कापली नव्हती, बदलावे लागले तर असू दे म्हणून. तिनं ते खोक्यात ठेवायला उलटे धरले.

पांढऱ्या चादरीवर काहीतरी सांडलं. बारीक, काळं, कोरडं.

तिनं बुटाचा तळ बघितला. टाच एका बाजूनं झिजली होती. नक्षीच्या खाचा काळ्या कणांनी गच्च भरल्या होत्या. तिनं एक कण बोटावर घेतला. तो मातीसारखा विरघळला नाही, काचेसारखा टोचला.

गच्ची, तिच्या डोक्यानं निमूट काम सुरू केलं. गच्चीवर डांबर घातलंय. खारू घालून गेली असेल. गच्चीला कुलूप असतं. पण मुलं कुठे कुठे जातात. किंवा दुकानदारानं वापरलेलाच जोड दिला असेल. चिठ्ठी पुन्हा बांधून. करतात लोक.

तिनं कण तळहातानं गोळा केले, खिडकीबाहेर झटकले, हात साडीला पुसला. चादरीवर एक करडा पट्टा उरला. त्यावर तिनं उशी ठेवली. काही असो. आता त्याचा काही संबंध नव्हता. फोन केला होता, नवरा हो म्हणाला होता, बॅगा रिकाम्या होत्या. जे घडणारच नाही त्याला कसला काळ नि कसलं क्रियापद.

ती खारूशेजारी बसली आणि तिला जवळ ओढलं. केसांना साबणाचा वास होता. त्याखाली आणखी कसला तरी होता, जळक्या काडेपेटीसारखा, अगदी पुसट.

‘‘खारू, ऐक. आईचं ऐकून घे नीट, आणि रडायचं नाही. आपण परवा बेटावर जाणार नाही आहोत.’’

खारू रडली नाही. तिनं मान वर करून आईकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, हट्ट नव्हता, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला पुन्हा एकदा समजावून सांगावं तसली माया होती. मग तिनं आईच्या हातात नसलेलं लाल पेन उचलावं तसं एक बोट उचललं.

‘‘ ‘परवा जाणार नाही’ नाही गं, आई,’’ ती म्हणाली. ‘‘ ‘परवा आलो’ म्हणायचं. बाबा आणि मी परवा आलो.’’